क्लच दाबला, पण सुटला का? जुन्या फौजी गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत क्लचच्या तक्रारी सर्वांत जास्त होत्या. बहुतेक सगळ्यांचा रोख एकाच जागेकडे दिसला, म्हणून ती पत्रे एकत्र घेतली आहेत. पेडलपासून क्लचच्या काट्यापर्यंत (क्लच सोडवणाऱ्या शेवटच्या तरफेपर्यंत) सळया, पिना, तरफा आणि आडवा शाफ्ट यांची जी साखळी जाते, तिला गॅरेजमध्ये लिंकेज म्हणतात. जुन्या लष्करी ट्रकमध्ये ही साखळी उघड्यावर, चौकटीला लागून असते. त्यामुळे चिखल, पाणी आणि धूळ सगळ्यांत आधी तीच खाते. तरीही दोष मात्र क्लच प्लेटला, म्हणजे इंजिनाची ताकद गिअर बॉक्सकडे नेणाऱ्या चकतीला, लागतो.

प्रश्न : माझ्याकडे १९४० च्या दशकातला अमेरिकन लष्करी ट्रक आहे. पेडल तळापर्यंत दाबले तरी पहिला आणि रिव्हर्स गिअर खरखरत पडतो. क्लच प्लेट दोन वर्षांपूर्वीच नवी टाकली आहे. मिस्त्री म्हणतात, ‘गिअर बॉक्स उतारना पड़ेगा.’ उतरवू का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : इतक्यात नको. गिअर बॉक्स उतरवणे म्हणजे दोन दिवसांचे काम आणि जड वजनाचा धोका. त्याआधी अर्ध्या तासाची मोजमापे करा, निम्मे उत्तर त्यातच मिळेल.

पहिली गोष्ट, खरखर नेमकी केव्हा होते ते पाहा. त्या काळच्या ट्रकच्या गिअर बॉक्समध्ये पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला सिंक्रो (गिअर पडण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवणारी रचना) नसतो, कित्येकांत कुठल्याच गिअरला नसतो. पेडल दाबताक्षणी गिअर टाकला तर क्लच ठणठणीत असूनही आवाज येणारच, कारण आतला शाफ्ट अजून फिरत असतो. म्हणून गाडी उभी ठेवा, इंजिन गरम करून हळू चालू द्या, पेडल पूर्ण दाबा आणि मनात दहा आकडे मोजा. मग रिव्हर्स टाका. आता शांतपणे पडला तर दोष सवयीचा. दहा आकड्यांनंतरही खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाही, हे नक्की. फक्त चालत्या गाडीत खालचा गिअर घेताना खरखर होत असेल, तर दोनदा क्लच दाबून मध्ये इंजिनाचा वेग वाढवण्याची जुनी पद्धत शिकून घ्या. लिंकेजला हात लावू नका.

क्लच सुटत नाही हे ठरले, की इंजिन बंद करून चाकांना गुटके लावा आणि गाडीखाली जा. एकाला पेडलजवळ बसवा. त्याने पेडल पायाने नव्हे, हाताने, अगदी हलके खाली न्यायचे. तुम्ही एकेका सांध्यावर बोट ठेवायचे. पिन हलते आणि पुढची सळई अजून हललेली नसते, असा क्षण बोटाला स्पष्ट कळतो. ती त्या सांध्याची झीज. प्रत्येक सांध्यापाशी खडूने खूण करून व्हर्नियरने ती मोजा आणि कागदावर लिहा.

एकेक आकडा किरकोळ वाटेल. बेरीज वाटणार नाही. समजा पेडलचा पाय ठेवायचा भाग, पेडल जिच्यावर फिरते त्या खुंटीपासून ३०० मिमीवर आहे आणि सळई ६० मिमीवर. म्हणजे पेडल ५ मिमी खाली गेले की सळई १ मिमी सरकते. आडव्या शाफ्टच्या दोन्ही तरफा सारख्या लांबीच्या आहेत, तिथे फरक नाही. काट्याचे बाहेरचे टोक टेकूपासून १२० मिमी आणि आतले ६० मिमी, म्हणजे तिथे पुन्हा निम्मे. एकूण हिशेब दहाला एक. पेडलची पूर्ण चाल १५० मिमी असेल, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे काटा ज्याला पुढे ढकलतो ते बेअरिंग, १५ मिमी सरकायला हवे. क्लच प्लेटला स्प्रिंगच्या जोराने दाबून धरते ती प्रेशर प्लेट, आणि तिला उचलणाऱ्या छोट्या तरफा म्हणजे फिंगर. त्या पंधरातले अडीच मिमी बेअरिंग आणि फिंगर यांच्यामधल्या फटीत जातात, उरतात साडेबारा.

आता दोन सळयांच्या चार पिना धरा. प्रत्येकीत ०.८ मिमी झीज, म्हणजे सळईच्या पातळीवर ३.२ मिमी. आडव्या शाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यांच्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) खाल्ल्यामुळे तरफेच्या टोकाशी आणखी २ मिमी. एकूण ५.२ मिमी, पेडलपाशी पाचपट, म्हणजे २६ मिमी. बेअरिंगपाशी २.६ मिमी चाल गेली आणि साडेबाराचे दहाच उरले. एवढ्याने प्रेशर प्लेट पुरेशी उचलली जात नाही, क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागच्या जड चाकाला) घासत राहते आणि गिअर खरखरतो. प्लेट नवी असो की जुनी, त्याने काहीही बदलत नाही. तुमच्या गाडीच्या तरफांची लांबी वेगळी असेल. टेपने मोजा आणि हाच हिशेब मांडा.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. पेडलची ढिलाई, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी चाल, साधारण २५ मिमी, म्हणजे एक इंच असावी, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. वरच्या गाडीत ती मोजली तर ५१ मिमी भरेल : २५ फटीची आणि २६ झिजेची. मिस्त्री सळईचा नट फिरवून ती २५ वर आणतो. पेडलवर आकडा अगदी पुस्तकातला दिसतो, पण ती सगळी ढिलाई झिजेची असते. बेअरिंग आणि फिंगर यांच्यामध्ये फट उरतच नाही. बेअरिंग दिवसभर टेकून फिरते, तापते आणि काही महिन्यांत कराकरा वाजू लागते. पुढे क्लचही घसरतो.

म्हणून ढिलाई पेडलवर मोजण्याआधी काट्यावर मोजा. काट्याचे बाहेरचे टोक हाताने मागेपुढे हलवा. काट्याचे प्रमाण दोनास एक असेल तर तिथे ४ ते ५ मिमी मोकळी हालचाल हवी, म्हणजे आत बेअरिंगला दोन-अडीच मिमी फट मिळते. ही खरी फट. ती बरोबर करून पेडलवर ५० मिमी ढिलाई दिसत असेल, तर उपाय नट फिरवण्यात नाही. पिना आणि बुश बदलावे लागतील.

हे सगळे नीट निघाले, काट्याला पूर्ण चाल मिळाली आणि तरीही क्लच सुटत नसेल, तर मात्र दोष आत आहे. दोन वर्षांपूर्वी प्लेट टाकताना ती उलटी बसली असेल, तर तिचा मधला उंच भाग फ्लायव्हीलच्या बोल्टना अडतो. पण मग त्रास पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. फिंगर एका पातळीत नसतील तर प्लेट तिरकी उचलली जाते, तीन फिंगरमध्ये ०.४ मिमीपेक्षा जास्त फरक नको. फ्लायव्हीलच्या मध्यातले पायलट बेअरिंग जाम झाले तरी शाफ्ट इंजिनाबरोबर ओढला जातो. या तिन्हींसाठी गिअर बॉक्स उतरवावाच लागेल. तो शेवटचा टप्पा.

प्रश्न : लिंकेजचे सांधे सगळेच ढिले निघाले. पिनांऐवजी बोल्ट टाकले तर चालतील का? आडव्या शाफ्टचे बुश बाजारात मिळत नाहीत.
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : बोल्ट टाकू नका. बोल्टची चुडी, म्हणजे आटे, भोकात येते, चुडीचे टोकदार कंगोरे योकचे (सळईच्या टोकाच्या, पिन घेणाऱ्या दुतोंडी भागाचे) भोक कानशीसारखे खातात आणि दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच. पिन पूर्ण गुळगुळीत हवी, डोके एका बाजूला, दुसऱ्या बाजूला वॉशर आणि स्प्लिट पिन. एकदा काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरू नका. चार आण्यांच्या वस्तूमुळे उतारावर पेडल मोकळे झाले तर काय होईल, ते सांगायला नको.

मापाची गोष्ट जपून करा. अमेरिकन गाडीतल्या पिना इंचाच्या असतात : ३/८ म्हणजे ९.५३ मिमी, ७/१६ म्हणजे ११.११ मिमी, १/२ म्हणजे १२.७ मिमी. सियागंजात दुकानदार ३/८ मागितल्यावर ‘१० का ले जाओ’ म्हणेल. भोक आधीच गोल राहिले नसेल तर त्याचाही उपयोग आहे, पण रीमर (भोक गोल आणि गुळगुळीत कापणारे हत्यार) फिरवून. ड्रिलने भोक मोठे करू नका, ड्रिल लंबगोल भोकात लंबगोलच मार्ग शोधते. झीज जास्त असेल तर योकचे भोक पुरेसे मोठे रीम करून त्यात पातळ पोलादी बुश ठोकून बसवणे उत्तम. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडणे हा दुय्यम उपाय. वेल्ड कडक असतो आणि भोक सरकते.

चुडीतही फसगत होते. सळईच्या टोकाला ३/८ ची अमेरिकन बारीक चुडी असते तेव्हा तिचे इंचाला २४ आटे असतात. ब्रिटिश बारीक चुडीचे २०. दोन्हींचा नट हाताने दोन फेरे फिरतो आणि मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की सळई गेली. थ्रेड गेज जवळ ठेवा, महाग वस्तू नाही. जबलपूरचा शक्तिमान जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून बनला, त्याचे माप मेट्रिक. त्याच्या योकला अमेरिकन ट्रकचे नट लावून पाहू नका.

बुश बाजारात मिळत नसले तरी घाबरू नका. हे काम लेथवर, आपल्या इंदुरी बोलीत खरादवर, सहज होते. सांवेर रोड किंवा पालदा भागात कुठलाही जाणता टर्नर करून देईल, फक्त माप तुम्ही द्या. सामान गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ. पितळ नको, ते मऊ पडते. आधी शाफ्ट नीट पाहा. बुशच्या जागी शाफ्टवर बोटाला खाच लागत असेल तर नव्या बुशला अर्थ नाही, शाफ्ट तेवढ्या भागात घासून एकसारखा करून बुश त्या कमी मापाचा करावा लागेल. बुशचा बाहेरचा व्यास, तो ज्या भोकात बसतो त्यापेक्षा ०.०३ ते ०.०५ मिमी जास्त ठेवा म्हणजे तो घट्ट बसेल. बसवल्यावर आतले भोक थोडे आवळले जाते, म्हणून शेवटचे रीमिंग बसवल्यानंतरच. साधारण २५ मिमी शाफ्टला आत ०.०५ ते ०.१ मिमी मोकळीक पुरे. दोन्ही टोकांचे बुश एकाच लांब रीमरने एका रेषेत रीम करा. वेगवेगळे केले तर शाफ्ट एका बाजूला घासेल आणि पेडल परत येताना अडखळेल.

ग्रीससाठी आतून चर आणि निपलच्या भोकासमोर भोक ठेवायला विसरू नका. हे अगदी नेहमी राहून जाते : बुश सुंदर बसतो आणि ग्रीसचे भोक त्याच्यामागे बंद होते. ग्रीस गन दाबली की ग्रीस निपलच्या कडेने बाहेर येते, आणि मालक समजतो की सांधा भरला.

शाफ्टवरच्या तरफा किल्लीने किंवा पिनेने बसवलेल्या असतील तर त्याही हलवून पाहा. शाफ्टवर आणि तरफेवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढा, पेडल पूर्ण दाबायला सांगा. रेघ तुटली तर तरफ शाफ्टवर फिरते आहे. पिना-बुश सगळे नवे टाकूनही चाल कमी भरते, तेव्हा दोष बहुधा इथे निघतो.

प्रश्न : खंडवा रस्त्यावर भेरूघाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही. जळका वासही येतो. पेडलला ढिलाई अजिबात नाही. पूर्वी होती. प्लेट झिजली तर ढिलाई वाढायला हवी ना?
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : नाही. प्लेट झिजली की ढिलाई कमी होते. हा समज इतका पक्का बसलेला आहे की सविस्तर सांगतो. प्लेटचे अस्तर पातळ झाले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या बाजूला सरकते. फिंगर मध्ये टेकलेले असतात, म्हणून त्यांची आतली टोके उलट दिशेला, रिलीज बेअरिंगकडे येतात. फट कमी कमी होत शून्यावर येते. त्यानंतर बेअरिंग फिंगरना सतत थोडे दाबून धरते, म्हणजे तुम्ही पाय न ठेवताही पेडल अर्धवट दाबलेले असते. स्प्रिंगचा पूर्ण जोर प्लेटवर पडत नाही आणि घाटात, जिथे ओढ सर्वांत जास्त, तिथे ती घसरते. घसरली की तापते, तापली की आणखी झिजते, आणि फट आणखी जाते.

तुमच्या बाबतीत पहिला उपाय सोपा आहे : काट्याच्या सळईचा चेक नट (माप हलू नये म्हणून आवळलेला जादा नट) सैल करून काट्याला वर सांगितलेली फट परत द्या. चेक नट घट्ट करताना सळई दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर ती फिरते आणि माप बदलते. मग परीक्षा घ्या. सपाट मोकळी जागा, चाकांना गुटके, हँडब्रेक ओढलेला, टॉप गिअर, इंजिन मध्यम वेगावर, क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडायला हवे. चालूच राहिले तर क्लच घसरतो. दोन-तीन सेकंदांत पेडल पुन्हा दाबा आणि ही परीक्षा एकदाच करा. चार वेळा करून पाहणारे लोक उरलेली प्लेटही जाळतात.

फट देऊनही घसरत असेल तर दोन गोष्टी पाहा. एक, पेडल परत खेचणारी स्प्रिंग. ती तुटली किंवा ताणून लांब झाली की पेडलचे वजनच बेअरिंगला टेकवून ठेवते. सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून चालवलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ते थांबवा, योग्य ताणाची स्प्रिंग लावा. दोन, तेल. अनेक लष्करी गाड्यांच्या बेल हाउसिंगला, म्हणजे क्लचभोवतीच्या लोखंडी घराला, खाली एक भोक असते आणि त्याला चुडीचा बूच मिळतो. तो फक्त नदी-नाला ओलांडताना लावायचा असतो, एरवी भोक उघडे ठेवायचे, म्हणजे इंजिनाच्या मागच्या सीलमधून गळालेले तेल बाहेर पडते. हौसेने गाडी ‘पूर्ण’ करताना लोक तो बूच कायमचा लावून टाकतात. तेल आत साठते, फ्लायव्हील ते उडवते आणि प्लेट भिजते. बूच काढा. वाटीभर तेल पडले तर प्लेट बदलावी लागेल. पेट्रोलने धुऊन वाळवलेले अस्तर काही दिवसच बरे वाटते, आत मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते.

आणि सीलही त्याच वेळी बदला. नवी प्लेट जुन्या गळतीखाली टाकणे म्हणजे पैसे पाण्यात.

एक कळकळीची विनंती : जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते. बेल हाउसिंगमधली धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका, ब्रशने झटकू नका. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि त्याचे परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतात. गॅरेजमधल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

प्रश्न : युद्धकाळातली विलीज जीप आहे. क्लच सोडताना गाडी हबके देत निघते, जणू घोडा उधळतो आहे. प्लेट, प्रेशर प्लेट दोन्ही नवे आहेत.
— एक वाचक, महू

उत्तर : जीप ट्रक नाही, पण प्रश्न त्याच कुळातला आहे. क्लच पेडल चौकटीवर बसलेले असते आणि इंजिन रबरी माउंटवर. चौकट आणि इंजिन यांमध्ये लिंकेजचा पूल असतो. इंजिन हलले की लिंकेज आपोआप क्लच दाबते किंवा सोडते, तुमचा पाय जागचा हलला नसला तरी. क्लच पकडू लागतो, इंजिन सरकते, त्या सरकण्याने क्लच पुन्हा सुटतो, इंजिन परत येते, क्लच पुन्हा पकडतो. हबके म्हणतात ते हेच.

हे टाळण्यासाठीच विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू (फोर्डने बनवलेली तीच जीप) यांमध्ये इंजिनाला चौकटीच्या आडव्या पट्टीशी बांधणारी एक तारेची दोरी दिली आहे. इंजिन पुढे सरकू नये, एवढेच तिचे काम. पुनर्बांधणी केलेल्या कितीतरी जीपमध्ये ती गायब असते, कारण काढताना ती फालतू वाटली. असेल तर नट फिरवून तारेतला झोल फक्त काढा. तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणू नका, नाहीतर रबरी माउंट निरुपयोगी होतात आणि सगळी थरथर चौकटीत जाते. त्याच वेळी माउंटचे रबर लोखंडापासून सुटले आहे का, ते पाहा : बॉनेट उघडे ठेवा, एकाला ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा आणि इंजिन किती उचलते ते बाजूला उभे राहून बघा. गाडीच्या समोर उभे राहू नका.

या जीपच्या पेडलची ढिलाई पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी. ट्रकचा एक इंचाचा आकडा इथे लावू नका. काट्याला ओढणारी केबल उसवलेली असेल, एकेक तार तुटून वर आलेली असेल, तर ती बदला. केबल ताणली जाते आणि प्रत्येक वेळी वेगळी ताणली जाते. मग कितीही जुळवले तरी आठवड्याने माप बदललेले दिसते.

माउंट आणि दोरी दोन्ही ठीक असतील तर मग प्लेटवरचे तेल, फ्लायव्हीलवरचे निळे डाग आणि स्प्लाइनचा (प्लेट ज्यांवर सरकते त्या शाफ्टवरच्या खाचांचा) गंज, या क्रमाने पुढे जा.

प्रश्न : जूनमध्ये ट्रक शेडमध्ये लावला, नवरात्रात काढला, तर क्लच दाबूनही इंजिन आणि गिअर बॉक्स एकत्रच फिरतात. पेडल नेहमीसारखेच लागते. लिंकेज तपासले, चाल पूर्ण आहे.
— एक वाचक, देवास नाका, इंदूर

उत्तर : प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. मालव्याचा पावसाळा चार महिन्यांचा, शेड कोरडी वाटली तरी हवा ओली असते, आणि स्प्रिंग त्या प्लेटला महिनोन् महिने दाबून धरते. इंजिन वीस मिनिटे चालवून क्लचपर्यंत उष्णता पोहोचू द्या. मग इंजिन बंद करा आणि समोर निदान शंभर मीटर पूर्ण मोकळी जागा पाहा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून सेल्फने सुरू करा, ती लगेच चालू लागेल. बॅटरी आणि सेल्फ दमदार हवेत. पेडल पूर्ण दाबलेले ठेवा आणि ॲक्सिलरेटर झटक्याने दाबा-सोडा. पाच-सहा झटक्यांत बहुतेक प्लेट सुटते, टक् असा आवाज येतो आणि इंजिन एकदम मोकळे होते. ब्रेक आधी तपासलेले असलेच पाहिजेत. वस्तीत किंवा शेडच्या दारात हा प्रयोग करू नका, आणि मागची चाके जॅकवर उचलून तर मुळीच नाही.

पुढच्या वर्षीसाठी : जूनच्या आधी पेडल दाबून सीटच्या चौकटीला लाकडी दांड्याने अडवून ठेवा, प्लेट मोकळी राहील. स्टिअरिंगला पाटी बांधा, म्हणजे दुसरा कुणी अनवधानाने सुरू करणार नाही. काट्याच्या भोकावरचा रबरी बूट फाटला असेल तर तोही बदला, ओल तिथूनच आत शिरते. गाडी पावसाळ्यात शेतात किंवा कच्च्यात गेली असेल, तर आपली काळी माती ओली असतानाच लिंकेजवरून पाण्याने काढा. वाळली की ती सिमेंटसारखी बसते, सांध्यात ग्रीसची जागा घेते आणि पुढे घासकागदाचे काम करते. धुतल्यावर प्रत्येक निपलमध्ये जुने काळे ग्रीस संपून नवे स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबा. निपल नसलेल्या पिनांना तेलाचे दोन-दोन थेंब, दर महिन्याला.

प्रश्न : क्लचजवळून आवाज येतो. कशाचा ते गाडीखाली न जाता ओळखता येईल का?
— एक वाचक, नारायण बाग, इंदूर

उत्तर : बरेचसे येते. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन हळू. पेडलवर नुसता बोटाचा भार दिला, फट संपली आणि आवाज सुरू झाला : रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून धरले आणि गिअर टाकला तरच आवाज : पायलट बेअरिंग, कारण त्याच वेळी शाफ्ट आणि फ्लायव्हील वेगवेगळ्या गतीने फिरतात. पेडल सोडलेले असताना आवाज आणि दाबताच बंद : गिअर बॉक्सचे पुढचे बेअरिंग. पाय न लावता लिंकेज खुळखुळते आणि पायाने पेडल थोडे धरले की थांबते : झिजलेल्या पिना किंवा गेलेली स्प्रिंग.

काही ब्रिटिश गाड्यांत रिलीज बेअरिंग गोळ्यांचे नसून कार्बनच्या कडीचे असते. त्याला ग्रीस लावू नका. ग्रीस फिंगरवरून उडून थेट प्लेटवर जाते.

प्रश्न : सळयांची कटकट नको म्हणून ट्रकला हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारा) क्लच बसवून देतो असे एक जण म्हणतात. बसवावा का?
— एक वाचक, विजय नगर, इंदूर

उत्तर : आमचे मत, नको. मास्टर सिलिंडर बसवायला चौकटीला भोके पाडावी लागतात, सिलिंडरच्या दट्ट्याची चाल काट्याच्या गरजेशी जुळवावी लागते आणि ती जुळली नाही तर प्रेशर प्लेटचे फिंगर गरजेपेक्षा जास्त दाबून वाकतात. सहा पिना, दोन बुश आणि एक स्प्रिंग एवढ्यात जुने लिंकेज आणखी बरीच वर्षे चालते. पूर्वीच्या मालकाने आधीच हायड्रॉलिक बसवलेला असेल, तर पेडल मऊ लागते का आणि दोनदा दाबल्यावर कडक होते का, एवढे पाहा. तसे होत असेल तर पाइपात हवा आहे : खालच्या सिलिंडरच्या ब्लीडरमधून बुडबुडे थांबेपर्यंत ती काढा, आणि टाकीत ब्रेक फ्लुइडच घाला. इंजिन ऑइलने आतले रबर एका रात्रीत फुगते.